सहा पाकळ्यांची जास्वंद

जगात जे जे म्हणून तयार होतं त्यात कुठे ना कुठे खोट राहतेच, आणि ती हुडकून काढण्यासाठीच परमेश्वराने आपल्याला जन्माला घातलं आहे, अशी माझ्या मामेसासऱ्यांची पक्की खात्री होती. परमेश्वराच्या या योजनेतही त्यांनी दोन-तीन ठिकाणी खोट काढलेली होती. पिंपरीकडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात त्यांची उभी हयात गेली. समोर येणारा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक दातेरी चाक डोळ्यांजवळ धरायचं, मापायचं आणि तिथल्या तिथे निकाल द्यायचा : पास, रिवर्क म्हणजे पुन्हा दुरुस्तीला, किंवा रिजेक्ट. कारखान्याचं दार ओलांडून बाहेर आल्यावर माणसं हत्यारं खाली ठेवतात, मामांनी ती कधी ठेवलीच नाहीत. मंडईतला पेरू, लग्नातला अंतरपाट, न्हाव्याने केलेले कल्ले, कीर्तनकाराची चिपळी, सगळ्यांचे निकाल ते उभ्या उभ्या लावून टाकत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीचे मामा म्हणून ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. पोहे संपेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मग माझ्या सासूबाईंकडे वळून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "मुलगा पास आहे. पण पोक काढून बसतो. थोडं रिवर्क लागेल." ते काम माझ्या बायकोने अंगावर घेतलं आणि आजही चारचौघांत ती माझ्या पाठीत मधूनच बोट खुपसते.

या तपासणीचा सगळ्यात जास्त माल अर्थात मामींच्या स्वयंपाकघरातून यायचा. मामी बोलायला अगदी कमी. ताट वाढायच्या आणि निकालाची वाट बघत पदराला हात पुसत उभ्या राहायच्या. "मीठ पास, तिखट पास, फोडणी पास," असं मामा एकेक करून सांगत जायचे, आणि शेवटी म्हणायचे, "एकूण रिवर्क." त्यावर मामी नुसतं "बरं" म्हणत. एवढ्या वर्षांच्या संसारात एकही पदार्थ शेरा न लागता पार झालेला नव्हता. मी एकदा मामींना विचारलं, तुम्हाला राग नाही का येत? तर म्हणाल्या, "अहो, रिजेक्ट तर कधी नाही ना केलं! पानात टाकलेलं मी त्यांना आजवर बघितलेलं नाही." हे खरंच होतं. मामा निकाल देत देत सगळं संपवून टाकायचे.

मग उदारीकरण आलं. मामांच्या कारखान्यात ते एका परदेशी यंत्राच्या रूपाने आलं. ते यंत्र सुटे भाग स्वतःच बनवायचं, स्वतःच मापायचं आणि चुकलं तर स्वतःच बाजूला टाकायचं. मामांनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राखालची फरशी हलते आहे हे दाखवून दिलं, पण साहेबलोकांना फरशीत रस नव्हता. थोड्याच दिवसांत स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली आणि इन्स्पेक्शन खातंच्या खातं घरी आलं. "आयुष्यभर आम्ही माल बाद केला," मामा म्हणाले, "शेवटी मालाने आम्हाला बाद केलं. फक्त आमची स्वेच्छा कोणी तपासली, तेवढं कळलं नाही." निरोपसमारंभात त्यांना शाल, नारळ आणि त्यांचा तपासणीचा शिक्का आठवण म्हणून मिळाला. त्या शिक्क्यावर एक नंबर होता. असंख्य भागांवर तो नंबर उमटून देशभर फिरला असेल, पण नाव म्हणून मामांचं कुठेच लागलेलं नव्हतं. हे ते एकदाच, हसत हसत बोलले होते, आणि हसणं जरा लवकर थांबवलं होतं.

तेव्हा मी हिंजवडीला नोकरीला लागलो होतो. आम्ही बिबवेवाडीत एकाच सोसायटीत राहायचो, मामा तळमजल्यावर आणि आम्ही समोरच्या इमारतीत. कंपनीची बस यायच्या आधी मी त्यांच्या फाटकावरून जायचो आणि हमखास तावडीत सापडायचो. "या जावईबापू. तुम्ही तिकडे नक्की बनवता काय?" "सॉफ्टवेअर, मामा." "हातात धरता येतं?" "नाही." "मग ते बाद कसं करतात?" याचं समाधानकारक उत्तर माझ्या मॅनेजरकडेही नव्हतं. मामा मान हलवायचे आणि पुन्हा जास्वंदीकडे वळायचे. कारण कारखाना सुटल्यापासून तपासायला त्यांच्या हाती एवढंच उरलं होतं : तळमजल्याच्या फ्लॅटला लागून मिळालेली हातरुमालाएवढी जमीन, आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून मामींनी लावलेली, भिंतीहून उंच झालेली लाल जास्वंद.

ज्यांनी पुण्यात तळमजल्यावर फुलझाड लावलं आहे, त्यांना फुलचोर काय असतो हे सांगायला नको. सभ्य घरातली, निवृत्तीवेतन घेणारी, एरवी भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले आठ आणेही परत करणारी माणसं पहाटे फिरायला म्हणून बाहेर पडतात ती हातात पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन. लोकांच्या भिंतीवरून वाकून फुलं ओढायची आणि घरी जाऊन देवाला वाहायची, यात त्यांना काही वावगं वाटत नाही, कारण ती स्वतःसाठी थोडीच नेतात! मामांचं या मंडळींशी रोजचं युद्ध होतं. रोज संध्याकाळी ते उद्या फुलणाऱ्या कळ्या मोजून ठेवायचे आणि सकाळी ताळा घ्यायचे. ताळा कधी जुळायचा नाही. फुलं नेहमी कमी भरायची.

एका सकाळी मात्र एक जास्त भरलं. मी बससाठी निघालो होतो, तर मामा हातात व्हर्नियर, म्हणजे कारखान्यातली ती सूक्ष्म मापाची पट्टी, घेऊन झाडासमोर स्टुलावर उभे. भाद्रपदाचे दिवस होते, झाड फुलांनी लगडलेलं होतं. "जावईबापू, हे फूल बघा. काल होतं. आज पण आहे." मी म्हटलं, मग? ते माझ्याकडे असं बघायला लागले की माझी पाठ आपोआप सरळ झाली. "जास्वंद एका दिवसाची असते. संध्याकाळी मिटते आणि गळते. हे मिटलं होतं, मी बघितलं. आज परत उघडलंय. आणि पाकळ्या मोजा." मी मोजल्या. सहा होत्या. "जास्वंदीला पाच असतात," मामा समाधानाने म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांना खरीखुरी खोट सापडली होती. "रिजेक्ट!" असं म्हणून त्यांनी ते फूल खुडायला हात घातला, आणि फुलाने त्यांचं बोट धरलं.

ते चावलं नाही. नुसतं धरून ठेवलं. दोन पाकळ्या पुढे आल्या, बोटाभोवती मिटल्या, आणि देठाच्या जागी जी हिरवी गाठ दिसत होती ती हळूच वळून मामांच्या तोंडाकडे बघू लागली. त्या गाठीला डोळे होते. मामा स्टुलावर, बोट फुलाच्या तावडीत, आणि दोघं एकमेकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत आहेत, असं ते दृश्य बराच वेळ चाललं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मामांची तपासणी करत होतं. शेवटी फुलाने बोट सोडलं. मामा खाली उतरले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "फूल नाही हो हे. कोणीतरी आहे."

माझी बस अर्थातच चुकली. तो एक किडा होता, पुढचे पाय जोडून बसणाऱ्या खंडोबाच्या किड्याच्या जातीतला असावा, पण असला किडा मी तरी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. सहा पाय पसरट, लाल, कडेला चुण्या असलेले, थेट पाकळ्यांसारखे. पोट देठासारखं हिरवं. आणि जास्वंदीच्या मधोमध पिवळ्या कणांची जी लांब दांडी असते ना, ती तिची शेपटी. किड्याला 'ती' का म्हणतो, ते पुढे येईलच. ती शेपटी जराशी हलवायची, भुलून माशी किंवा फुलपाखरू यायचं, पुढच्या दोन पाकळ्या खटकन मिटायच्या, आणि पुन्हा सगळं कसं निरागस! संध्याकाळी अंग गुंडाळून मिटायचीसुद्धा, कारण जास्वंद मिटते हे तिने बघून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गळून पडते, हा पुढचा धडा मात्र तिने घेतलेला नसावा. मामांनी तिची लांबी, रुंदी, चुण्यांमधलं अंतर, शेपटीचा कोन, सगळं व्हर्नियरने मापलं. तीही शहाण्यासारखी मापू देत होती. सगळं झाल्यावर मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "पास." मी पुढच्या शेऱ्याची वाट बघत उभा राहिलो. शेरा आला नाही. स्वयंपाकघरातून मामी बाहेर आल्या. तो शब्द त्या घरात असा एकटा कधी ऐकू आलेला नव्हता. त्यांनी झाडाकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चला, कोणीतरी झालं एकदाचं." आणि आत गेल्या.

ती बाई आहे, हे मामींनीच ठरवलं. सकाळपासून एका जागी बसून सगळ्यांवर लक्ष ठेवते, आणि जेवण झालं की हातपाय स्वच्छ पुसते, यापलीकडे त्यांना पुरावा लागला नाही. त्यामुळे नाव पडलं जास्वंदाबाई. पण बाई रोज जागा बदलत. खऱ्या फुलांच्या गर्दीत आज त्या कुठे बसल्या आहेत हे मामांनासुद्धा चटकन ओळखता येत नसे, आणि देवासाठी फुलं तर रोज काढायची होती. तेव्हा मामांनी एक नियम केला. कोणत्याही फुलाला हात लावण्याआधी त्याच्यावर बोटाने हलकेच टिचकी मारायची आणि विचारायचं, "आहात का?" थोडं थांबायचं. फूल हललं नाही, तरच तोडायचं. अहो-जाहो का, तर आपली ओळख नुकतीच झालेली आहे म्हणून. मामी हा नियम काटेकोर पाळायच्या. रोज सकाळी तळमजल्यावरून एक जाड आणि एक बारीक असे दोन आवाज यायचे, "आहात का? ... आहात का?" आणि वरच्या मजल्यावरची मंडळी भाड्याने घर देताना नव्या भाडेकरूला हे आधीच सांगून ठेवायची.

फुलचोरांना हा नियम कोणी सांगितला नव्हता. आमच्या सोसायटीचे चेअरमन हे त्या सगळ्यांचे म्होरके. एकदा पहाटे त्यांची आकडी सवयीने भिंतीवरून आत आली, फांदी खाली ओढली गेली, त्यांनी भलंथोरलं टपोरं फूल बघून हात घातला आणि अख्खी सोसायटी जागी होईल अशी आरोळी ठोकली. बाईंनी या वेळी नुसतं धरलं नव्हतं. चेअरमनांनी ती गोष्ट शास्त्रीय दृष्टीने घेतली नाही. दुसऱ्या दिवशी ते अनवाणी, ओलेत्याने, बोटाला पट्टी बांधून नारळ घेऊन आले आणि भिंतीबाहेरून झाडाला लांबूनच नमस्कार केला. बातमी पसरली. आकड्यांच्या काठ्या घरोघरी अडगळीत गेल्या. पुढे तर जे फुलं न्यायचे तेच दुसरीकडून फुलं आणून आमच्या भिंतीवर ठेवू लागले. मामा ताळा घ्यायचे तेव्हा फुलं जास्त भरायची आणि त्यामुळे ते पुन्हा अस्वस्थ व्हायचे.

आता एक बाई असेल तर आणखीही असतील, या विचाराने मामांनी पुण्यातली सगळीच फुलं संशयित धरली. दसऱ्याच्या सकाळी ते मला मार्केट यार्डात घेऊन गेले. झेंडूचे डोंगर, माणसांची रेटारेटी, हमालांची ओरड, आणि त्या सगळ्यात मामा एका ढिगापाशी उकिडवे बसून एकेका झेंडूला टिचकी मारताहेत : "आहात का?" पुढच्याला, "आहात का?" ढिगाचा मालक गावाकडचा दांडगा गडी होता. तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "काका, झेंडू हाय त्यो. बोलत न्हाय." मामा म्हणाले, "बोलत नसेलच असं कशावरून?" तो म्हणाला, "घ्यायचा आसंल तर तोलून घ्या. मुलाखती कशाला घ्यायला लागलाय?" मामा उठले, त्याच्या तराजूचा काटा एका बाजूला झुकतो आहे हे त्याच्या नजरेला आणून दिलं, आणि झेंडू न घेताच आम्ही वेगाने परत आलो.

घरी येताना रिक्षात मामा बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "एकच आहे बहुतेक. म्हणजे जगात पहिलीच. जावईबापू, अशी नवी जात सापडली की तिला शोधणाऱ्याचं नाव देतात ना?" मी म्हटलं, देतात, आडनावाला लॅटिन शेपूट जोडून देतात. ते खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना हे मनापासून हवं आहे. नंबर पुष्कळ झाले होते. एकदा नाव हवं होतं.

मी कामाला लागलो. इंटरनेट तेव्हा नवं होतं आणि आमच्या हापिसात फुकट होतं. बाईंचे फोटो काढून, ते कागदावरून संगणकात घालून, मी देशोदेशीच्या कीटकतज्ज्ञांना पाठवले. उत्तरं सौजन्यपूर्ण आली. सगळ्यांचा मथितार्थ एकच : जास्वंदीचा फोटो छान आहे, पण कीटक कुठे आहे? मामांनी कोन बदलून, उजेड बदलून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढवले. फोटो जितका चांगला, तितकी ती जास्त जास्वंद दिसायची. शेवटी आम्ही बाजूला खरी जास्वंद ठेवून फोटो पाठवला, तर एका विद्वानाने खऱ्या फुलावर बाण काढून, हा कीटक उल्लेखनीय वाटतो असं कळवलं. मामा संतापतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांची छाती फुगली. "फिनिशिंग म्हणतात ते हे!" ते म्हणाले.

अखेर माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीचा एक तरुण कीटकतज्ज्ञ प्रत्यक्ष यायला तयार झाला. तो संशोधनासाठी कायमचा परदेशी निघाला होता. रविवारी सकाळी येईन, बघेन आणि तसाच मुंबईला विमान पकडायला जाईन, असं तो फोनवर म्हणाला. मामांना फोन कानापासून वीतभर लांब धरायची सवय असल्यामुळे त्याचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "काका, ॲक्च्युअली फोटोवर स्पिशीज डिक्लेअर होत नाही. प्रॉपर स्पेसिमेन लागतो. मी जार घेऊन येतो. जारमध्ये टाकलं की पाच मिनिटांत काम होतं, मग टाचणी लावून डबीत जाईल. नाव तुमचंच, डोन्ट वरी." मामांनी विचारलं, "काम होतं म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे मरतं ना. एकदम पेनलेस."

फोन खाली ठेवून मामांनी त्याची वायर सरळ केली. मग म्हणाले, "त्यात एवढं काही नाही. कारखान्यातही आम्ही लॉटमधला एखादा भाग तोडून बघायचो. तोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही." मामी निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही एक तोडायचात, तेव्हा मागे ढीग असायचा ना? हिच्यामागे कोण आहे?" मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुढचे दोन दिवस त्यांनी कशालाच निकाल दिला नाही. मामींनी आमटीत मीठ घालायचं विसरून पाहिलं, तेही ते मुकाट्याने जेवले. संध्याकाळी झाडापाशी खुर्ची टाकून बसायचे. एकदा मी गेलो तर त्यांचं बोट बाईंच्या पुढ्यात होतं आणि बाईंनी ते धरून ठेवलं होतं.

रविवारी तज्ज्ञ वेळेवर आला. पाठीला सॅक, हातात रुंद तोंडाची काचेची बरणी, बरणीच्या तळाशी पांढरं काहीतरी थापलेलं. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते त्याला झाडाकडे घेऊन गेले आणि पहिल्या फुलाला टिचकी मारून विचारलं, "आहात का?" मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. सगळ्या फुलांना विचारून झालं. एकही हललं नाही. मामा स्टुलावर चढले, वरच्या फांद्यांना विचारलं, भिंतीपलीकडे वाकून विचारलं. मग पहिल्या फुलापासून पुन्हा सुरुवात केली. तज्ज्ञ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "काका ठीक आहेत ना?" एवढ्यात मामींनी दारातून हाक मारली, "आधी शिरा खाऊन घ्या सगळ्यांनी. प्रसादाचा आहे. गरम आहे तोवर खा."

आम्ही आत आलो. देवघर बाहेरच्याच खोलीत होतं. पूजा नुकतीच झाली होती, समई तेवत होती, आणि गणपतीच्या मस्तकावर एक टपोरी लाल जास्वंद वाहिलेली होती. तज्ज्ञाला बरोबर देवघरासमोरच्या खुर्चीत बसवलेलं होतं. माझं लक्ष मामांकडे गेलं. ते गणपतीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणताहेत, पण ते मोजत होते. मीही मोजल्या. सहा होत्या.

मामी शेजारी बसून हार गुंफायला घेत होत्या. कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "मला मेलीला हल्ली नीट दिसत नाही हो. सकाळी अंधारात फुलं काढली, विचारायचंही राहून गेलं. आता वाहून झालं ते झालं. देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हलवायचं नसतं." एवढं बोलून त्यांनी सुई उजेडात धरली आणि पहिल्याच फटक्यात दोरा ओवला.

मामा उभेच होते. एक बोट पुढे करायचं, एवढंच काम होतं. गणपतीच्या डोक्यावर त्यांचं नाव बसलेलं होतं. तज्ज्ञ शिरा खात सांगत होता, की लोक हौसेने असे फोटो पाठवतात, पण सरावलेल्या, ट्रेन्ड डोळ्याला नक्कल लगेच कळते. त्याच वेळी नैवेद्याच्या वाटीवर एक माशी आली. गणपतीच्या मस्तकावर खट्ट झालं. माशी दिसेनाशी झाली. तज्ज्ञाने मान वर करून थेट जास्वंदीकडे बघितलं आणि म्हणाला, "माश्या फार नाहीत तुमच्याकडे."

"नाहीत," मामा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "सॉरी बरं का. तुमची खेप फुकट गेली. फूलच होतं ते. इन्स्पेक्शनमध्ये चूक झाली."

हे वाक्य मामांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं, कोणीच ऐकलं नव्हतं. तज्ज्ञ समजूतदारपणे हसला, मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं असं काका. वय झालं की नजर जाते." ज्या माणसाने केसाएवढा फरक नुसत्या बोटाने ओळखून दाखवला होता, त्या माणसाने ते ऐकून घेतलं आणि "हो, जाते खरी," म्हणून मान डोलावली. मला तेव्हा मामांविषयी जे वाटलं ते मी आजवर त्यांना किंवा कोणालाच नीट सांगू शकलेलो नाही. मी बशीतला शिरा उगाच चमच्याने सारखा करत बसलो.

तज्ज्ञ रिकामी बरणी घेऊन गेला. मामांनी दार लावलं, खुर्चीत बसले, गार झालेला शिरा हातात घेतला आणि सावकाश संपवला. मामी नेहमीप्रमाणे पदराला हात पुसत उभ्या होत्या. मामा म्हणाले, "पास." मामी वाट बघत राहिल्या. "एकूण पास," मामा म्हणाले. मामी झटकन आत गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या आधी मामींनी निर्माल्य काढून जास्वंदीच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. कोमेजलेल्या फुलांतून बाई उठल्या, हातपाय पुसले आणि खोडावरून चालत आपल्या जागी जाऊन बसल्या. थंडी संपेपर्यंत होत्या. मग एका संध्याकाळी मिटल्या आणि सकाळी झाडाखाली गळून पडलेल्या दिसल्या. शेवटचा धडाही त्यांनी घेतला म्हणायचा. मामांनी बुंध्याशीच जागा करून त्यांना ठेवलं. त्यानंतर तशी जास्वंद पुन्हा आली नाही. तरी मामा होते तोवर रोज सकाळी झाडापाशी जाऊन प्रत्येक फुलाला विचारत राहिले. मी बससाठी जाताना ते ऐकायचो, आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

आता मामा नाहीत, मामीही नाहीत. ती इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्याच्या पार्किंगमध्ये कुठेतरी झाडाची जागा असेल. आम्ही हिंजवडीजवळ राहायला आलो, तेव्हा बायकोने त्या जास्वंदीची एक फांदी आणून बाल्कनीत लावली होती. तिला आता चांगली फुलं येतात. सकाळी देवासाठी फूल काढताना मी आधी टिचकी मारतो, विचारतो, "आहात का?" आणि थोडा वेळ थांबतो. खालून कंपन्यांच्या बसचे हॉर्न तेवढे ऐकू येतात. मग मी पाकळ्या मोजतो. पाच भरतात. मामा असते तर पास म्हणाले असते. मला मात्र रोज एक कमीच वाटते.